रुळाकाठच्या गावांची बाजू

मुरगाव बंदरातून निघून वास्को, मडगाव, कुळे करत घाट चढणारी आणि लोंढ्याला मुख्य मार्गाला मिळणारी रेल्वे ही गोव्यातली सर्वांत जुनी रेल्वे. तिच्या दुपदरीकरणाला दक्षिण गोव्यातल्या गावांनी विरोध सुरू केला, तेव्हापासून सुशिक्षित मराठी वाचकांतही एक मत चांगलेच रुजले आहे. ते असे. रेल्वे रस्त्यापेक्षा स्वच्छ. एक मालगाडी दीडदोनशे ट्रक रस्त्यावरून हटवते. रूळ सव्वाशे वर्षांहून जुने, तेव्हा त्यांच्या कडेला घरे बांधणाऱ्यांनी आवाजाची आणि धुळीची तक्रार करू नये. देशाला पोलाद हवे, पोलादाला कोळसा हवा, आणि तो कोणाच्या तरी दारावरून जाणारच. तात्पर्य, वेळसांव, आरोशी, कासावली, चांदरची माणसे एकतर अजाण आहेत किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून बोलत आहेत.

हे मत मला चुकीचे वाटते. मात्र त्यातला खरा भाग आधी मान्य केला पाहिजे, कारण तो लहान नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा होणारा विरोध डांबरावर घासणाऱ्या रबरी टायरच्या मानाने फारच थोडा असतो. म्हणून तेवढेच वजन तेवढ्याच अंतरावर न्यायला रेल्वेला इंधन बरेच कमी लागते. अठ्ठावन्न-एकोणसाठ उघड्या वॅगनींचा एक रेक साधारण ३,५०० ते ४,००० टन माल नेतो. वीस-पंचवीस टनांच्या ट्रकांचा हिशेब मांडला तर दीडशे-दोनशे हा आकडा बरोबर येतो. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावे लागते, दुसरा रूळ आला की ते थांबणे टळते, आणि कुळ्याहून वास्कोला कामावर जाणाऱ्या माणसाची पॅसेंजर वेळेवर पोहोचते, हेही खरे. रेल्वेवर ज्याचे प्रेम आहे त्याला हा युक्तिवाद पटकन भावतो. माझेही रेल्वेवर प्रेम आहे. म्हणूनच तिच्या नावाने केलेला कच्चा युक्तिवाद मला अधिक खटकतो.

पहिली चूक तुलनेतच आहे. रेल्वे की ट्रक, हा प्रश्न त्या गावांनी विचारलेलाच नाही. मुरगाव बंदरात उतरून या वाटेने कर्नाटकात जाणाऱ्या कोळशाचा मोठा भाग आधीपासूनच रेल्वेने जातो. तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जाणारे रेक गावकरी रोज पाहतात. दुसरा रूळ पडला की किती ट्रक कमी होतील हा मुद्दा गौण आहे. किती रेक वाढतील, हा खरा प्रश्न आहे. दर टनामागे धूर कमी आणि एकूण टन मात्र कितीतरी जास्त, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. पहिले विधान देशाच्या हिशेबात मांडले जाते आणि दुसरे कासावलीच्या ओसरीवर सोसावे लागते. वाहतूकशास्त्राची सरासरी सांगून ओसरीवरच्या माणसाला उत्तर दिले असे मानणे हा तर्कदोष आहे. ट्रक म्हणजे काय हे या लोकांना शिकवायलाही नको. २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत कुडचडे-सावर्डे पट्ट्यातल्या रस्त्यांवरून खनिजाच्या ट्रकांची अखंड रांग चालत असे. लाल धूळ, अपघात, शाळेच्या वाटेवरची भीती, हे सगळे त्या पट्ट्याने वर्षानुवर्षे भोगले आहे. त्याच खनिजाचा मोठा हिस्सा पुढे बार्जमधून जुवारीवरून बंदरात जाई. रस्ता, नदी आणि रूळ या तिन्ही वाहतुकींचा अनुभव असलेला हा समाज आहे. तो वाहनाविरुद्ध बोलत नाही. वाहनातून काय जाते, किती जाते आणि कसे जाते, याविषयी तो बोलतो.

यापेक्षा मोठी चूक 'रूळ आधी, घरे नंतर' या विधानात आहे. आपली बहुतेक शहरे स्टेशनभोवती वाढली, म्हणून आपल्याला हे विधान स्वाभाविक वाटते. गोव्यात ते सरळ खोटे ठरते. ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ मध्ये करार झाला, त्यातून ही रेल्वे निघाली, आणि १८८० च्या दशकात मुरगावपासून घाटमाथ्यापर्यंत मीटर गेजचा रूळ पडला. चांदर हे गाव म्हणजे जुने चंद्रपूर, भोजांची आणि पुढे काही काळ कदंबांची राजधानी. पहिले इंजिन तिथे पोहोचण्याच्या हजार वर्षे आधी तिथे राजवाडा होता. वेळसांव, आरोशी, माजोर्डा या किनारी गावांच्या कोमुनिदादी पोर्तुगीजांच्याही आधीच्या ग्रामसंस्थांतून आलेल्या आहेत. तिथली शेते, मानशी (पाण्याची दारे), बांध आणि घरांच्या रांगा ठरून गेल्यावर रूळ त्यांच्यामधून काढला गेला. काही घरे आज रुळापासून हाकेच्याही अंतरावर नाहीत, ती त्याहून जवळ आहेत. पण ती रुळाजवळ सरकलेली नाहीत. रूळ त्यांच्याजवळ आला.

१८८० च्या दशकात आलेला रूळ आणि आजचा रूळ यांतही फरक आहे. तेव्हाच्या मीटर गेजवर हलक्या वॅगनी आणि थोड्या गाड्या धावत. १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉड गेज झाला. आज भरलेल्या वॅगनीच्या एका आसावर पडणारा भार तेव्हाच्या मीटर गेजच्या जवळपास दुप्पट आहे. जांभ्या चिऱ्याच्या आणि मातीच्या सांध्यांच्या जुन्या भिंती पूर्वीच्या गाड्यांसमोर शंभर वर्षे उभ्या राहिल्या. त्यामुळे त्या नव्या भारासमोरही तशाच उभ्या राहतील, असे म्हणायला काही आधार नाही. मीटर गेजची मिश्र गाडी सोसली म्हणजे कोळशाच्या अनंत रेकना संमती दिली, हे कायद्यातही बसत नाही आणि साध्या न्यायबुद्धीलाही पटत नाही.

कायद्याचे नाव निघालेच आहे तर थोडे थांबू, कारण विरोधकांना गप्प करायला कायदाच सर्वांत जास्त वापरला जातो. 'तुम्ही उपद्रवाजवळ राहायला आलात' हा बचाव ज्या इंग्रजी न्यायपरंपरेतून आपला उपद्रवाचा कायदा आला, तिने १८३८ मध्येच ब्लिस विरुद्ध हॉल या खटल्यात फेटाळला. मेणबत्त्यांच्या कारखान्याचा मालक म्हणत होता की मी शेजाऱ्याच्या आधीपासून इथे आहे. न्यायालयाने ते ऐकले नाही. १८७९ च्या स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन खटल्यात तर मिठाईवाल्याचे खलबत्ते वीस वर्षांहून अधिक काळ चालू होते. शेजारच्या डॉक्टरने बागेच्या टोकाला नवी तपासणीची खोली बांधली आणि मगच तक्रार केली. तरी निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. आपल्याकडे १९८२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने राम राज सिंह विरुद्ध बाबूलाल या प्रकरणात विटा दळणाऱ्या यंत्राच्या धुळीपासून एका डॉक्टरच्या दवाखान्याला संरक्षण दिले. 'आधी आलो' हे उपद्रवाचे उत्तर होत नाही, हे तत्त्व इतके जुने आणि इतके स्थिर आहे. आणि गोव्यातली गावे तर आधी आलेली आहेत.

रेल्वेच्या बाजूने याला जे उत्तर आहे तेही मांडले पाहिजे. रेल्वे कायद्याने अधिकृत केलेली असते, म्हणून तिच्या चालण्यातून अटळपणे होणाऱ्या त्रासाबद्दल तिला जबाबदार धरता येत नाही, असा हा सिद्धांत. १८३२ च्या रेक्स विरुद्ध पीज प्रकरणात इंजिनांना रस्त्यावरचे घोडे बुजत होते, आणि १८६९ च्या हॅमरस्मिथ रेल्वे विरुद्ध ब्रँड प्रकरणात हादऱ्यांमुळे घराची किंमत घटली होती. दोन्हींत रेल्वे जिंकली. आपल्या १९८९ च्या रेल्वे कायद्यातले कलम ११ याच वळणाचे आहे. इतर कायद्यांत काहीही असले तरी रेल्वेला आवश्यक बांधकामे करता येतील, असे ते म्हणते. पंचायतीने परवान्याचा प्रश्न काढला की हेच कलम समोर ठेवले जाते. पण या सिद्धांताची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. संरक्षण असते ते अटळ त्रासाला, निष्काळजीपणातून होणाऱ्या त्रासाला नाही. १८७८ च्या गेडिस खटल्यापासून हे स्पष्ट आहे की कायद्याने दिलेला अधिकारसुद्धा काळजीने वापरावा लागतो. आणि ब्रँड प्रकरणातला अन्याय इंग्लंडने स्वतःच १९७३ च्या कायद्याने दुरुस्त केला. सार्वजनिक बांधकामाच्या वापरातून निघणारा आवाज, हादरे, धूर यांमुळे घराची किंमत घटली तर भरपाई मागण्याचा हक्क तिथे दिला गेला. आपण सिद्धांताचा पहिला अर्धा भाग घेतला, दुसरा घेतला नाही. कलम ११ दाखवणाऱ्यांनी त्याच कायद्याचे कलम १६ सुद्धा वाचावे. रुळामुळे जमिनीच्या वापरात खंड पडला तर वाटा, पूल, नाले करून द्यायचे आणि पाणी पूर्वीसारखे मोकळे वाहत ठेवायचे, हे तिथे रेल्वेचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. पावसाळ्यात ज्यांच्या शेतात भरावाने अडलेले पाणी साचते, त्यांच्या दृष्टीने हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे.

सगळा वाद आता एका शब्दावर येऊन ठेपतो, तो म्हणजे 'अटळ'. मालगाडीचा आवाज, हादरा आणि धूळ अटळ असेल तर प्रचलित मत बऱ्याच अंशी टिकते. अटळ नसेल तर ते कोसळते. हा प्रश्न घोषणांनी सुटत नाही, गाडी कशी चालते हे पाहूनच सुटतो.

धुळीपासून सुरू करतो, कारण 'चालत्या वॅगनीतून फारशी भुकटी उडत नाही, वर ताडपत्री असते' हे वाक्य फार आत्मविश्वासाने उच्चारले जाते. २००५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, पावडर रिव्हर खोऱ्यातल्या कोळशाच्या मार्गावर थोड्याच अंतराने दोन गाड्या घसरल्या. रुळाखालच्या खडीचे काम दुहेरी असते. तिने भार पसरवायचा आणि पाणी खाली जाऊ द्यायचे. त्या खडीच्या फटींत वर्षानुवर्षे कोळशाची भुकटी बसली होती. पाणी अडले, खडी सैल झाली आणि रूळ हलला. त्यानंतर कोळशाच्या भुकटीविरुद्ध उभी राहिली ती खुद्द रेल्वे कंपनी. कोळसा पाठवणाऱ्यांशी तिचा दीर्घ वाद झाला. २०११ मध्ये तिथल्या नियामक मंडळाने भुकटी खडीला घातक असल्याचे मान्य केले, आणि पुढे गळती निदान ८५ टक्क्यांनी घटवण्याची अट कोळसा भरणाऱ्यांवर आली. जी भुकटी रूळ हलवण्याइतकी साचते, ती शेजारच्या विहिरीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर साचत नाही, असे कोणी कोणत्या तोंडाने म्हणावे?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्येही असाच अभ्यास झाला. भारतात येणाऱ्या पोलादाच्या कोळशाचा मोठा भाग ऑस्ट्रेलियातूनच येतो, म्हणून तो आपल्याला अधिकच लागू आहे. तिथल्या रेल्वेने २००८ च्या सुमारास करवून घेतलेल्या पाहणीत भुकटीच्या वाटा एकेक करून तपासल्या गेल्या. भरलेल्या कोळशाचा वरचा थर ही एक वाट. वॅगनीच्या दारांच्या फटी ही दुसरी. भरताना काठांवर आणि खालच्या सांगाड्यावर सांडलेला कोळसा ही तिसरी. रिकाम्या परतणाऱ्या वॅगनीत तळाला राहिलेला कोळसा ही आणखी एक. आणि या सगळ्यांतून रुळावर पडलेला कोळसा पुढच्या गाडीच्या वाऱ्याने पुन्हा उडतो तो वेगळाच. ताडपत्री यांतली एकच वाट अडवते, तीही नीट बांधली असेल आणि फाटली नसेल तरच. रिकाम्या रेकवर ताडपत्री कशाला असेल? क्वीन्सलंडमध्ये उपाय झाले ते या वाटांप्रमाणे. कोळसा ठरावीक आकारात सपाट भरायचा, वरच्या थरावर चिकट द्रावण फवारून त्याची पापडी बसवायची, आणि काठावर सांडलेले झाडून काढायचे. यांत अवघड असे काही नाही. खर्च आहे, आणि तो कोणी करायचा हा प्रश्न आहे. आज तो खर्च वेळसांवची गृहिणी झाडू घेऊन रोज भरते.

आवाजाची आणि हादऱ्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 'गाड्या हळू चालवा म्हणजे झाले' हा सोपा उपायसुद्धा तपासून पाहावा लागतो. अठ्ठावन्न वॅगनींचा रेक इंजिनांसकट साधारण साडेसहाशे-सातशे मीटर लांब असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने तो फाटकावरून चाळीस-एक सेकंदांत जातो. ताशी १५ च्या वेगाने त्याच फाटकावर त्याला पावणेतीन मिनिटे लागतात, आणि सिग्नल न मिळाल्याने तो फाटकावरच उभा राहिला तर गाव दोन भागांत तुटते. रुग्णवाहिका एका बाजूला आणि रुग्ण दुसऱ्या बाजूला, ही कल्पना नाही. फाटकाजवळ राहणारा कोणीही तुम्हाला ते सांगेल. वेग कमी केला की हादरा काहीसा कमी होतो, पण अडवणूक वाढते. थांबून पुन्हा निघणाऱ्या जड गाडीचे इंजिन सर्वांत जास्त गरजते, आणि वॅगनींच्या जोडण्यांना एकापाठोपाठ एक बसणारे हिसके रात्री अर्ध्या गावाला ऐकू येतात. म्हणून उत्तर नुसता वेग कमी करण्यात नाही. गाडी वस्तीत थांबूच नये आणि सारख्या वेगाने निघून जावी, यात ते आहे. हे काम वेळापत्रकाचे आणि नियंत्रण कक्षाचे आहे. रात्री दोन वाजता वस्तीशेजारच्या लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, तासभर उभा राहिलेला रेक हा निसर्गनियम नव्हे. कोणीतरी तो तिथे उभा करायचे ठरवलेले असते.

शिट्टीचेही तसेच. फाटकाच्या ६०० मीटर आधी शिट्टीचा फलक असतो आणि तिथून लोको पायलटने शिट्टी वाजवणे बंधनकारक आहे. ताशी ६० च्या वेगाने ते अंतर छत्तीस सेकंदांचे. जिथे थोड्या थोड्या अंतरावर फाटके आहेत, तिथे एका फाटकाची शिट्टी संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू होते. यात लोको पायलटचा काही दोष नाही. तो नियम पाळतो, आणि नियम माणसांचे जीव वाचवण्यासाठी आहे. पण फाटकाच्या जागी भुयारी वाट किंवा पूल झाला की शिट्टीचे कारणच जाते. फाटक राहील तर शिट्टी राहील, फाटक जाईल तर शिट्टी जाईल. मग शिट्टीला अटळ कसे म्हणायचे?

हादऱ्याला गाडीच्या वजनाइतकेच चाकही कारणीभूत असते. ब्रेक घट्ट बसून चाक रुळावर घसरले की त्याचा एक भाग सपाट होतो, आणि त्यानंतर प्रत्येक फेऱ्याला तो रुळावर हातोड्यासारखा बसतो. साध्या सांध्याचे रूळ, ढिली खडी, झिजलेले क्रॉसिंग यांचा त्रासही तसाच. उपाय माहीत आहेत. लांब पट्ट्यांचे वेल्ड केलेले रूळ टाकता येतात, आणि चाकाचा ठोका मोजून सदोष वॅगन पकडणारी यंत्रे भारतीय रेल्वेकडे आहेत. जर्मनीचे उदाहरण इथे फार बोलके आहे. ऱ्हाइन नदीच्या अरुंद खोऱ्यात दोन्ही काठांना रूळ आणि रुळांना चिकटून गावे. तिथले लोक वर्षानुवर्षे मालगाड्यांच्या रात्रीच्या आवाजाविरुद्ध लढले. त्यांनाही विकासविरोधी म्हटले गेले असेलच. शोध घेतला तेव्हा कळले की मोठा दोष ओतीव लोखंडाच्या ब्रेकच्या ठोकळ्यांत आहे. ते चाकाचा पृष्ठभाग खडबडीत करतात आणि खडबडीत चाक रुळावर गर्जते. संमिश्र पदार्थाचे ठोकळे बसवले की तोच आवाज कानाला निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. जर्मनीने २०१७ मध्ये कायदा केला आणि २०२० च्या डिसेंबरपासून जुन्या ठोकळ्यांच्या गोंगाटी वॅगनींना आपल्या रुळांवर बंदी घातली. ऱ्हाइनकाठची मालवाहतूक बंद पडली नाही. लोक लढले म्हणून वॅगनी सुधारल्या. रुळाकाठच्या माणसाची तक्रार म्हणजे यंत्रातल्या दोषाची फुकट मिळणारी माहिती असते. ज्या रेल्वेने ती ऐकली ती अधिक चांगली रेल्वे झाली.

उरतो देशाच्या गरजेचा मुद्दा, आणि याच मुद्द्यावर प्रचलित मत आपल्याच पायावर उभे राहू शकत नाही. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट १:३७ चढाचा आहे. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. रेल्वेच्या दृष्टीने हा चढ अतिशय तीव्र. मागून बँकर इंजिने लावल्याशिवाय भरलेला रेक चढत नाही आणि उतरताना ब्रेकची कडक तपासणी करावी लागते. किनारपट्टीवर कितीही रूळ टाकले तरी मार्गाची खरी क्षमता हा घाटच ठरवतो. मोल्याच्या अभयारण्यातून घाटात दुसरा रूळ टाकण्याची मंजुरी सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला की या कामाने मार्गाच्या एका अकार्यक्षम तुकड्याची क्षमता जेमतेम वाढेल, आणि त्याची किंमत पश्चिम घाटातले संवेदनशील जंगल देईल. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. जैवविविधतेवरच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्याची मुभा मात्र ठेवली. याचा अर्थ नीट पाहा. घाटाचा गळा अरुंदच राहिला आणि त्याच्या पायथ्याशी, वस्त्यांमधून, दुसरा रूळ पुढे सरकत राहिला. चढायची पाळी येईपर्यंत रेक कुठे थांबणार? मोकळ्या माळावर नाही, तर कुळ्यापासून वास्कोपर्यंतच्या गावांत. दुपदरीकरणाचा सर्वांत मोठा गुण म्हणून जे सांगितले जाते, ते थांबणे टळण्याचे सुख, निदान कोळशाच्या बाबतीत या गावांच्या वाट्याला येईल असे मला दिसत नाही. पोलाद देशाला हवे, हे मान्य. पण बळ्ळारी पट्ट्याला कोळसा पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांतूनही जातो, आणि त्या वाटेवर असा घाट नाही. देशाची गरज आणि मुरगावचीच वाट, या दोन गोष्टी एकच आहेत हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

१ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरच्या फाटकावर हजारो माणसे जमली आणि पहाटेपर्यंत रुळांवर बसून राहिली. त्यांच्या हातातल्या फलकांवर काय होते यावर पुष्कळ लिहिले गेले. त्यांनी वर्षानुवर्षे अर्ज, निवेदने आणि बंदराच्या प्रकल्पांवर २०१७ मध्ये वास्कोत झालेल्या जनसुनावण्यांतली लांबलचक भाषणे यांतून जे सांगितले होते, त्यावर मात्र फारच थोडे. त्या सुनावण्यांत मच्छीमार, डॉक्टर, शिक्षक, निवृत्त दर्यावर्दी बोलले होते. भडकवलेली माणसे इतक्या सविस्तर हरकती घेत नाहीत.

या आंदोलनातल्या एका टोकाच्या मागणीशी मात्र मी सहमत नाही. या मार्गावरून मालगाडीच नको, असे काही जण म्हणतात. गोव्याला खत, सिमेंट, धान्य, इंधन लागते आणि ते रुळावरून येणेच चांगले. मालगाडी बंद झाली तर या वस्तू त्याच गावांच्या रस्त्यांवरून ट्रकने येतील, आणि मग प्रचलित मताचा ट्रकवाला युक्तिवाद, जो आज गैरलागू आहे, तो उद्या लागू होईल. मागणी कोळशाच्या एकूण मर्यादेची आणि चालवण्याच्या शिस्तीची असावी. ती बळकट आहे आणि न्यायालयातही टिकणारी आहे.

ती मागणी मी अशी मांडेन. बंदरातून वर्षाला किती कोळसा हाताळायचा आणि दिवसाला किती रेक सोडायचे, हे आकडे मंजुरीच्या अटीत लिहिलेले असावेत, आणि महिन्याच्या महिन्याला पंचायतीच्या फलकावर लागावेत. क्षमता आधी उभारायची आणि मर्यादा नंतर पाहू असे म्हणायचे, ही पद्धत इथे चालू देता कामा नये. मोकळा रूळ फार दिवस मोकळा राहत नाही. भरण्याच्या जागीच वरचा थर बसवणे, काठ झाडणे, दारांच्या फटी बंद करणे आणि रिकाम्या वॅगनी धुणे हे कोळसा मागवणाऱ्याच्या खर्चाने व्हावे. वस्तीतल्या लूपमध्ये रात्री भरलेला रेक उभा करायला बंदी असावी. आधी फाटकांच्या जागी भुयारी वाटा आणि पूल व्हावेत, रूळ मग. २००० सालच्या ध्वनी नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची पातळी ठरवली आहे. तिच्या तुलनेत रुळाकाठचा आवाज रेल्वेबाहेरच्या संस्थेने मोजावा. रुळालगतच्या प्रत्येक जुन्या घराच्या भिंतींची नोंद, फोटोसकट आणि मालकाच्या सहीने, पहिला खडीचा ट्रक रिकामा होण्याआधी व्हावी. म्हणजे उद्या तडा गेल्यावर तो जुनाच होता की नवा, यावर म्हाताऱ्या माणसांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागणार नाहीत. आणि कलम १६ प्रमाणे भरावाखालचे नाले गावातल्या शेतकऱ्याला सोबत घेऊन, त्याने दाखवलेल्या जागी, पावसाळ्याआधी मोकळे करावेत.